घाट बंद करू नका, आधी आमचे सायलेन्सर बंद करा

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आणि माझ्या बाईकवाल्या दोस्तांनो, अर्धं वाचून शिव्या देऊ नका. पूर्ण वाचा, मग द्या.

गेल्या सोमवारी आमच्या वाईच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला. ‘रविवारी पसरणी घाटात मोठ्या बाईकना बंदी घालावी. सह्यांची मोहीम सुरू करतोय. सहमत असाल तर अंगठा द्या.’ तासाभरात साठ-सत्तर अंगठे. त्यातला पहिला अंगठा आमच्या आळीतल्या सरांचा. मला सातवीत गणित शिकवलेले सर. मुलांनी घाटाच्या रस्त्याला घर बांधलं, तेव्हापासून तिकडे राहतात. काकूंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, त्या अंथरुणावर आहेत. रात्रभर झोप लागत नाही, पहाटे जरा डोळा लागतो. आणि रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही येतो.

‘आम्ही’ म्हणतोय, कारण मीही त्यातलाच. माझ्याकडे चारशे सीसीच्या घरातली स्पोर्ट्स टूरर आहे. सहा वर्षं, पंचावन्न हजार किलोमीटर. घाट माझ्या पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा आहे. मेसेज वाचून पहिली प्रतिक्रिया तीच झाली जी तुमची झाली असती. राग. ‘रस्ता काय यांच्या बापाचा?’ असं टाईपसुद्धा केलं होतं. मग अंगठा देणाऱ्यांत सरांचं नाव दिसलं आणि ते खोडलं.

चार दिवस विचार केला. आज दोन्ही बाजूंना जे सांगायचंय ते सांगतो. बंदीची मागणी चुकीची आहे, पण ती मागणी करायची वेळ आमच्यामुळेच आली.

आधी आमच्या बाजूचं बोलू, कारण घाण आमच्या अंगणात जास्त आहे.

स्पोर्ट्स टूरर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रेसच्या बाईकचं इंजिन आणि ब्रेक, पण बसायला सरळ, हँडल उंच, पुढे वाऱ्याला अडवणारी काच, मागे बॅगा लावायची सोय. एका दिवसात चार-पाचशे किलोमीटर जायचं आणि उतरल्यावर कंबर शाबूत राहायची, यासाठी बनवलेलं यंत्र. कावासाकीची निंजा १०००, चाकणची आपली डॉमिनार, अशा बऱ्याच. म्हणजे मुळात ही लांबच्या प्रवासाची, शहाण्या माणसाची बाईक. आवाज काढून गल्लीत भाव मारण्यासाठी ती बनलेलीच नाही. आणि आपण काय करतो? शोरूममधून घरी आणली की पहिल्या महिन्यात सायलेन्सर काढतो.

का काढतो, याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. ‘आवाज मोठा असला की समोरच्याला कळतं, जीव वाचतो.’ हे मीही लोकांना ऐकवलंय, आणि ऐकवताना मला स्वतःला पटलं नव्हतं. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, राव. आवाज मागे जातो. ज्याच्यापासून धोका आहे तो बहुतेक वेळा समोरून किंवा बाजूने येतो, काचा वर करून, एसी लावून, गाणी लावून. त्याला तुमचा आवाज तुम्ही जवळ पोचल्यावरच येणार. वळणावर सावध करायला हॉर्न दिलाय कंपनीने. तो वाजवायचा. जीव वाचवायचाच असेल तर तो हेल्मेटने वाचतो, टायरने वाचतो, ब्रेकने वाचतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरची जवळपास निम्मी, ४४.५ टक्के. आणि हेल्मेट नसताना मेलेली ५० हजारांवर. सायलेन्सर शांत होता म्हणून मेलेल्यांचा रकाना त्या अहवालात नाही.

आता आवाजाचं गणित. सरांनीच शिकवलेलं लॉगरिदम इथे उपयोगी पडतं. आपल्याकडे १७५ सीसीवरच्या दुचाकीला कंपनीतून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा घातलेली होती. डेसिबल हे साध्या मोजपट्टीसारखं चढत नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. वीस वाढले की शंभरपट. म्हणजे ‘थोडासाच जास्त आहे, भाऊ’ असं काही नसतं. आणि निवासी भागात दिवसा किती आवाज चालतो? ५५ डेसिबल. रात्री ४५. शाळा, हॉस्पिटल, कोर्टाच्या शंभर मीटरच्या आतलं शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५०, रात्री ४०. घाट चढून वर गेलं की काय आहे? पाचगणी. निवासी शाळांचं गाव. तिथे होस्टेलमध्ये रविवारीसुद्धा पोरं असतात, घरी जात नाहीत. त्यांच्या खिडकीखालून आपण दुसऱ्या गिअरमध्ये आठ हजार आरपीएमला जातो, कारण पुढच्या वळणावर मित्र व्हिडिओ काढायला उभा आहे.

कायदा आहे का? आहे. भरपूर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला एका बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्या गाडीसाठी कलम १९०(२): पहिल्या वेळेला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित. यातलं काहीही गुपित नाही. तरी सायलेन्सर राजरोस विकला जातो, बसवून मिळतो, वर ‘डीबी किलर’ नावाची एक नळी देतात. पोलीस दिसला की घालायची, घाट लागला की काढायची.

आता माझ्या घरातली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट खोटी होईल.

माझा भाचा, वय तेवीस. गेल्या वर्षी त्याने माझ्यासारखीच सेकंडहँड स्पोर्ट्स टूरर घेतली. नोकरी नवी, हप्ता नवा, उत्साह विचारू नका. ‘मामा, चला की, अॅक्सेसरीज बघायला जाऊ.’ मी गेलो. त्या दिवशीचा हिशोब माझ्याकडे अजून आहे, कारण पैसे मी दिले होते आणि तो नंतर फेडणार होता.

सायलेन्सर, अठरा हजार. एलईडी फॉग लाईटची जोडी, वायरिंगसकट साडेसात हजार. लिव्हर, आरसे, हँडलच्या टोकाचे रंगीत तुकडे, साडेचार हजार. पूर्ण बाईकला स्टिकर आणि रॅप, सहा हजार. मागची नंबरप्लेट छोटी करून वर उचललेली, त्याचे पंधराशे. साडीगार्ड काढून टाकलं, ते फुकटात. एकूण साडेसदतीस हजार.

दुकानदार म्हणाला, मागचा टायर संपत आलाय. भाचा म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात बघू, मामा. आवाज ऐका की आधी, कसला येतोय!’ मी ऐकला. मीही हसलो. मीही म्हणालो, ‘भारी.’

पुढचा महिना जूनचा होता. पहिल्या पावसात घाटात, डांबरावर माती आलेली, वळण रोजचंच. टायरला खाचाच शिल्लक नव्हत्या, त्यातून पाणी बाहेर पडणार कुठून? मागचं चाक सटकलं. हेल्मेट होतं म्हणून आज तो बोलतोय. हातात मोजे नव्हते, पायात कॅनव्हासचे बूट. घोटा तीन ठिकाणी मोडला, तळहाताची कातडी गेली. दोन ऑपरेशन. आज चालतो, पण जिना उतरताना कठडा धरतो. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मागचा टायर त्या वेळी साडेसात हजारांना मिळत होता. फॉग लाईटच्या जोडीएवढा.

ही एका पोराची चूक नाही. आपल्या सगळ्या जमातीची ही सवय आहे. दिसणाऱ्या गोष्टीला पैसे आहेत, न दिसणाऱ्या गोष्टीला नाहीत. स्टिकर इन्स्टावर दिसतो, ब्रेक ऑईल दिसत नाही. म्हणून आज जरा न दिसणाऱ्या गोष्टी मोजतो. नव्याने बाईक घेतलेल्या पोरांनो, हे कुणी सांगत नाही म्हणून ऐका.

चेन. पाच-सहाशे किलोमीटरला साफ करून ल्यूब मारायचं, पावसात भिजून आलात तर त्याच दिवशी. आतमध्ये रबराच्या रिंगा असलेली चेन पेट्रोलने धुवायची नाही, तारेच्या ब्रशने घासायची नाही. रिंगा गेल्या की आतलं ग्रीस गेलं आणि चेन संपली. ढिलेपणा पुस्तकात दिलाय तेवढाच ठेवायचा. ‘घट्ट म्हणजे चांगली’ हा गैरसमज. मागे बायको आणि दोन बॅगा बसल्या की सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच घट्ट असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. मग कंपनीला शिव्या.

टायर. हवा थंड टायरला तपासायची, पंपावर गरमागरम पोचून नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असं काही. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड बाईक घेताना हे आकडे आधी वाचा, मग ओडोमीटर. खाचा खोल दिसल्या तरी सहा-सात वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. आणि खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की चर्चा संपली, बदलायचा.

ब्रेक ऑईल. हे हवेतलं पाणी शोषतं. दोन वर्षांनी बदलायचं, बाईक कमी चालली असली तरी. पाणी शोषलेलं ऑईल घाट उतरताना तापलं की उकळतं, लिव्हर हाताशी मऊ लागते आणि ब्रेक ऐन वेळी गायब. पाचगणीहून खाली येताना तासभर ब्रेकवर पाय ठेवून येणारे मी रोज बघतो. गिअर कमी ठेवा, इंजिनला ओढू द्या, ब्रेकला विश्रांती द्या.

रेडिएटर. समोर चिखल आणि किडे बसून जाळी बुजते. पाण्याच्या साध्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने फिन वाकवू नका. कूलंटच्या जागी नळाचं पाणी टाकणाऱ्याला मेकॅनिक म्हणू नका.

वायरिंग. हेडलाईटच्या वायरला चाकूने सोलून फॉग लाईट जोडतात, वर काळी टेप. रिले नाही, वेगळा फ्यूज नाही. बाईकचं जनरेटर ठरावीक वीज बनवतं. त्यावर लाईट, चार्जर, हॉर्न सगळं लादलं की बॅटरी कुठेतरी आडबाजूला मान टाकते. रात्री नऊला, आंबेनळी घाटात, मोबाईलला रेंज नसताना. आणि मोबाईल थेट हँडलवर आवळून बसवणाऱ्यांनो, मोठ्या इंजिनची थरथर फोनच्या कॅमेऱ्याला खराब करू शकते, असं अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय. थरथर शोषणारा माऊंट घ्या किंवा फोन खिशात ठेवा.

लाईटबद्दल अजून एक. फॉग लाईट धुक्यासाठी आहेत. महाबळेश्वरच्या पावसात त्यांची गरज असते, मी नाकारत नाही. पण त्या खाली झुकवून, वेगळ्या बटणावर, समोर गाडी दिसली की बंद, अशा वापरायच्या असतात. आमचा एसटीचा ड्रायव्हर संध्याकाळी पन्नास माणसं घेऊन घाट चढत असतो. त्याच्या डोळ्यांत तुम्ही पांढरीफेक लुकलुकणारी लाईट मारता. दोन सेकंद तो आंधळा होतो. त्या दोन सेकंदांत त्याच्या डाव्या बाजूला दरी असते, आणि समोर कोण असतं? तुम्हीच.

साडीगार्डचं पण सांगतो, कारण ते काढणं म्हणजे स्टाईल झाली आहे. मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून ते गार्ड केंद्राच्या मोटार वाहन नियमांत सक्तीचं आहे. साडी नेसलेली बाई मागे बसणारच नाही, असं तुम्ही ठरवलं असेल. पण ओढणी, रेनकोट, बॅगेचा लोंबणारा पट्टा, यांना चाक विचारत नाही.

मग अॅक्सेसरीज लावायच्याच नाहीत का? लावा की! मीही लावल्यात. उंच विंडस्क्रीन लावली, छातीवरचा वारा कमी झाला, दिवसअखेर मान दुखत नाही. हँडगार्ड लावले, पावसात बोटं बधिर होत नाहीत. इंजिनखाली प्लेट लावली, आपल्या खड्ड्यांना तेच उत्तर. दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या बॅगा, जड सामान खाली आणि पुढे, मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड वाढवून. इन्शुरन्सवाल्याला सगळं लेखी कळवलं. ही यादी बघा. यातल्या कुठल्या वस्तूने शेजाऱ्याची झोप मोडते? माझी कसोटी एवढीच आहे. जी वस्तू प्रवासाला उपयोगी पडते ती अॅक्सेसरी. जी फक्त बघणाऱ्याला त्रास देण्यासाठी आहे ती वस्तू म्हणजे उपद्रव, मग ती कितीही महाग असो.

आता दुसरी बाजू. अंगठेवाल्यांनो, तुमच्याशी.

बंदी नको, असं मी का म्हणतोय? बाईक माझी आहे म्हणून? थोडं तेही असेल. पण तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

एक. ‘मोठी बाईक’ म्हणजे किती सीसी? घाटातला सगळ्यात कर्कश आवाज मी परवा मोजला, तो शंभर सीसीच्या बाईकचा होता. सायलेन्सरची आतली जाळी फोडलेली. आणि हजार सीसीची, कंपनीच्या सायलेन्सरची बाईक तुमच्या शेजारून गेलेली तुम्हाला कळतसुद्धा नाही. गुन्हा आवाजाचा आहे. मग पट्टी डेसिबलची लावा, सीसीची कशाला?

दोन. नाक्यावर कोण थांबवणार? एक हवालदार, त्याच्या हातात काठी. तो पुण्या-मुंबईच्या पोरांना थांबवेल, आणि पाचगणीत ड्युटीला निघालेल्या नर्सलासुद्धा. पोरं वरंध्याने, केळघरने जातील. त्रास बंद होणार नाही, फक्त दुसऱ्या गावाच्या दारात जाईल. त्या गावात पण कुणाची तरी काकू आजारी असेल.

तीन. बंदीने आपल्याकडे कधी काही सुधारलंय का? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. सी-लिंकवर बंदी, अटल सेतूवर बंदी. कारण काय, तर सुरक्षितता. मग दुचाकीवाला जातो कुठून? जुन्या रस्त्याने, जिथे दुभाजक तुटलेले, खडी पसरलेली, आणि रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे एकही लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर न लावता चालतात. गाळपाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात रात्री बाईक चालवून बघा. तिथे कुणी सह्यांची मोहीम का काढत नाही? कारण ट्रॉली आपल्यातल्याच कुणाची तरी असते. बाईकवाला पुण्याचा असतो, परका असतो, म्हणून त्याच्यावर बंदी सोपी.

राष्ट्रीय महामार्गावर आम्हाला टोल नाही, हे मान्य. पण सरकार आम्हाला फुकटात सोडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के झाला, त्याच्या वरच्यावर ४० टक्के. आधी सेससकट ३१ होता. म्हणजे ३४९ सीसी गरज आणि ३७३ सीसी चैन. चाळीस टक्के म्हणजे गुटखा-सिगारेटच्या रांगेतला कर. आणि ज्या हेल्मेटने जीव वाचतो, त्याच्यावरही जीएसटी वसूल होतोच. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं हेल्मेट विकायला बंदी आहे. तरी हायवेच्या कडेला दोरीवर लटकवलेली टोपी अडीचशे रुपयांत मिळते. सरकारला आमच्याकडून कर घेता येतो, टोपीवाल्याला हटकता येत नाही. सायलेन्सरवाल्याच्या दुकानाचं शटर तर दिसतच नाही त्यांना.

माझा खरा राग इथे आहे. दर वर्षी पेपरात फोटो येतो: जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडलेत आणि वरून रोलर फिरतोय. साहेब बाजूला उभे. फोटो चांगला येतो. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात तोच सायलेन्सर तसाच विकला जातो. तेवीस वर्षांच्या पोराचं चलन फाडायला सोपं. विकणारा, बसवून देणारा आणि त्याची जाहिरात करणारा, या तिघांना कोण विचारणार?

म्हणून सह्याच करायच्या असतील तर बंदीच्या कागदावर नको, या कागदावर करू. रविवारी सकाळी सहा ते नऊ, घाटाच्या पायथ्याला आवाज मोजायचं यंत्र घेऊन पथक. प्रत्येक बाईक, सीसी न बघता. आवाज जास्त, तर कलम १९०(२) आणि मूळ सायलेन्सर बसवून दाखवेपर्यंत गाडी जागेवर. छोटी किंवा वाकवलेली नंबरप्लेट, तर तिथेच कारवाई. तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या दुकानांची तपासणी, बिलबुकासकट. आणि हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यावर नको, हे पण त्याच कागदावर. पहिली सही माझी.

आता शेवटचं, आणि हे लिहायला मला चार दिवस लागले.

वर मी माझ्या अॅक्सेसरीजची यादी दिली. त्यातली एक वस्तू मी लपवली होती. माझ्या बाईकलाही तीन वर्षं बाहेरचा सायलेन्सर होता. भाच्याला ज्या दुकानात नेलं, ते दुकान मला आधीच माहीत होतं, ते असंच. पोराने आवाजाचं वेड माझ्या बाईकवरून घेतलं होतं. आणि सर ज्या आवाजाने उठत होते, त्यातला एक आवाज माझा होता. त्यांना ते माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. भेटल्यावर त्यांनी कधी विषय काढला नाही. ‘काय रे, बरं चाललंय ना?’ एवढंच विचारायचे.

शुक्रवारी माळ्यावरून कंपनीचा सायलेन्सर खाली काढला. धूळ पुसली, नवीन गास्केट आणलं, दोन तासांत बसवला. बाहेरचा सायलेन्सर विकला नाही. विकला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात वाजणार. भंगारवाल्यासमोर ग्राइंडरने कापून दिला. आलेल्या भंगाराच्या पैशात चेनचं ल्यूबसुद्धा आलं नाही.

बाईक चालवून बघितली. खरं सांगू? पहिले दहा मिनिटं ओकंबोकं वाटलं. मग घाटात वरच्या वळणावर आलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चेनचा आवाज ऐकू आला. एका ठिकाणी अडकल्यासारखी वाजत होती. एक कडी आखडली होती. मोठ्या आवाजात ते मला कधी कळलंच नसतं.

आमच्या ग्रुपच्या पोरांनो, येत्या रविवारची राईड नेहमीप्रमाणे आहे, पण साडेसहाला नाही, आठला. कंपनीचा सायलेन्सर असेल तर या. डीबी किलर खिशात घेऊन येणाऱ्याने घरी झोपावं, आम्ही वाट बघणार नाही. निघायच्या आधी पंधरा मिनिटं मी सगळ्यांचे टायर आणि चेन बघणार. ज्याचा टायर संपलाय तो मागे कुणाच्या तरी बाईकवर बसून येईल. राग येऊ द्या. माझ्या बहिणीच्या घरी एकदा जाऊन आलात की जाईल.

आणि सरांच्या घरासमोरून जाताना वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर. हॉर्न नाही, रेस नाही.

सर, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेल याची मला खात्री आहे. तुम्ही दिलेला अंगठा मागे घ्या असं मी म्हणत नाही. तो मला दिला होता असं समजतो. रविवारी झोपमोड झाली तर सोमवारी मला फोन करा. नंबर तुमच्याकडे आहेच.